लिंपलेली भट्टी

१

केप टाउनपासून लांब, डोंगरातल्या स्टिलडाल गावात एखाद्या घरात माणूस जिवंत आहे की नाही हे बघायचं, तर शनिवारी दुपारी त्याच्या परसात बघावं. भट्टीतून धूर निघत असला की समजायचं, आहे. रविवार देवाचा. त्या दिवशी गावात कुणी काडी ओढत नाही. म्हणून रविवारचं जेवण शनिवारच्या आगीवर होतं.

ही रीत घाईच्या माणसाची नाही. मातीची घुमटी भट्टी लाकडं घालून तापवायची. आतला घुमट आधी काजळून काळा होतो आणि पुढं तेच काजळ जळून पांढरा पडतो. पांढरा पडला की निखारे ओढून काढायचे, ओल्या फांद्यांच्या झाडूनं तळ झाडायचा आणि पाव सरकवायचे. पाव निघाले की राहिलेल्या उष्णतेत बिडाचं भांडं ठेवायचं. त्यात बैलाच्या छातीकडचं मांस, चरबीच्या पट्टीसकट, आणि बटाटे. मग दाराचा पत्रा लावून शेणमातीनं लिंपून टाकायचं. रात्रभर भट्टी हळूहळू उतरत जाते आणि तिच्याबरोबर मांसही मऊ होत जातं. रविवारी चर्चहून आल्यावर लिंपण फोडायचं. मध्ये उघडायचं नाही. उघडली की ऊब गेली, मांस चामड्यासारखं राहिलं आणि दुसरी आग पेटवायची सोय नाही.

"मांसाला घाई केली की ते रुसतं," असं सना एंगेलची आई म्हणायची. आता सना स्वतःच म्हातारी झाली होती. वय विचारलं तर म्हणायची, "चर्चला नवी घंटा बसली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. करा हिशेब."

त्या शनिवारी सनानं मांसाला मीठ, मिरी, कुटलेली लवंग चोळली, शिरक्याचा हात फिरवला आणि लगेच मिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. मागच्या वेळी मीठ दोनदा पडलं होतं. मुलगी मार्लीन घास तोंडात घेऊन तशीच बसली होती, गिळताही येईना, थुंकताही येईना. त्याआधी थंडीत किटली कोरडी जळाली होती. आणि ईस्टरला सनानं मार्लीनला 'लेआ' म्हणून हाक मारली होती. लेआ म्हणजे सनाची धाकटी बहीण. ती केव्हाच टेकडीवर सरूच्या झाडाखाली जाऊन निजली होती.

मार्लीन फोनवर म्हणाली होती, "मा, रविवारी येते. जेवू, मग बोलू." बोलू म्हणजे काय ते सनाला कळत होतं. केप टाउनला मार्लीनच्या घरी मागची खोली रिकामी होती. आणि स्टिलडालची जमीन चर्चची. घर राहणाऱ्याचं, पण रिकामं पडलं की दुसऱ्या कुटुंबाला जातं. एकदा गेलेला माणूस परत येतो तो फक्त टेकडीवर, सरूच्या झाडाखाली.

तेव्हा हे जेवण नीट व्हायला हवं होतं. दुसरं काही नाही.

२

"सना, आज धूर एवढा काळा गं? ओली लाकडं घातलीस, का जावयासाठी विष शिजवतेस?"

शेजारची तांत मीता भिंतीवरून डोकावत होती. तिकडे मावशी, काकू, शेजारीण सगळ्यांना तांतच म्हणतात. मीता कानानं जवळजवळ बहिरी, पण तोंडानं नाही.

"जावई येत नाहीये! मार्लीन एकटीच!" सना ओरडली.

"काय?"

"ए-क-टी!"

"बरं झालं. तो मेला तुझ्या रश्श्यात पाणी ओतून खातो. असल्या माणसाला स्वर्गातसुद्धा पातळच वाढतील."

सना हसली. हसताना तिला बरं वाटलं. पाव छान फुलून आले होते. तिनं भांडं उचलून भट्टीत सरकवलं, शेजारी दालचिनी घातलेल्या भोपळ्याचा डबा ठेवला, पत्रा लावला. हा पत्रा तिच्या नवऱ्यानं कापलेला, आणि मापात चुकलेला. वरच्या बाजूला वीतभर फट राहायची. ती नुसत्या मातीनंच भरावी लागे. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, फट तेवढी राहिली.

आता, लिंपायच्या आधी एक गोष्ट करायची असते. पावानंतरची भट्टी उबदार असते. मांजर आत जाऊन बसतं, पूर्वी म्हणे लहान पोरंसुद्धा बसत. म्हणून घरची बाई फटीशी तोंड नेऊन म्हणते, "आत कोण असेल त्यानं यावं, दार लावते." आणि एक श्वासभर थांबते. मग लिंपते. मांजरापायी सुरू झालं असेल. पण ज्यांच्याकडे मांजर नाही त्याही बायका विचारतात. उत्तर यायचं नसतंच. तरी विचारायचं.

सना मातीचा गोळा हातात घेऊन फटीशी वाकली आणि घरात फोन वाजला.

रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत यायची. ती धावत गेली, कोपरानंच बटण दाबलं.

"मा, भांडं ठेवलंस?"

"ठेवलं. आता लिंपतेय."

"मीठ एकदाच ना?"

सनाला ते लागलं. "मार्लीन, तू जन्मायच्या आधीपासून मी या भांड्यात मीठ घालतेय."

"रागावू नको गं. मी आपलं विचारलं."

"विचारलंस. झालं."

ती परत आली ती मनातल्या मनात भांडतच. लेकीला द्यायची सगळी उत्तरं आता सुचत होती. भांडत भांडत तिनं पत्र्याच्या कडा लिंपल्या, वरची फट थापली आणि शेवटी उजव्या हाताचा पंजा त्या फटीच्या ओल्या मातीत दाबला. ही घरच्या बाईची खूण. सनाचा पंजा लांबून ओळखू येई. करंगळी लहानपणी मोडली होती, ती बाहेर वाकलेली.

नळावर हात धुताना ती थबकली. विचारलं का आपण?

फोनच्या आधी वाकल्याचं आठवत होतं. नंतर पंजा दाबल्याचं आठवत होतं. मधलं काहीच नव्हतं.

३

परसात बाक आहे. सना त्यावर बसली. असल्या गोष्टीला महत्त्व देणं तिला पटत नव्हतं. मनात म्हणाली, नसेल विचारलं तर नसेल. भट्टीला काय राग येतो?

टक.

उतरती भट्टी वाजतेच. पत्रा आकसतो, माती तडकते. सनानं हा आवाज पाळण्यात असल्यापासून ऐकलेला. आधी भराभर वाजते, मग अंतर वाढत जातं, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यासारखं, आणि शेवटी गप्प होते.

टक. टक.

अंतर वाढत नव्हतं.

मांजर, सनाच्या मनात आलं. मीताचा पिवळा बोका. बोका आत असेल तर लिंपण फोडायला हवं, आणि फोडलं तर उद्याचं जेवण गेलं, आणि जेवण गेलं तर घर. "देवा, बोका नको," असं ती चक्क मोठ्यानं म्हणाली आणि त्याला शोधायला निघाली. गल्लीत बघितलं, लाकडांच्या ढिगामागं बघितलं. लाज वाटत होती. एका मुक्या जिवाच्या आणि भांडंभर मांसाच्या मध्ये आपण अडकलो, आणि मन मांसाकडं ओढतंय.

बोका चर्चच्या पायरीवर पंजा चाटत बसला होता.

सनानं त्याला उचलून छातीशी धरलं, त्याच्या डोक्यावर हनुवटी घासली. "गुणाचा रे माझा." हायसं वाटून ती घराकडं वळली. गल्लीत पोरं चेंडू खेळत होती. सगळी ओळखीची, सगळी जागच्या जागी. म्हणजे कुणीच राहिलं नव्हतं.

ती परसात आली. टक. टक.

आणि आता कुठं तिच्या ध्यानात आलं, की बोका आत असता तर किती बरं झालं असतं.

४

सना पत्र्याजवळ गेली. तिचं डोकं काही वाईट चालत नव्हतं. ती विचार करत होती, की भोपळ्याच्या डब्याचं झाकण वाफेनं उडत असेल. पत्र्याला पोक आलं असेल. नाहीतर आवाज माझ्या कानातच असेल, आणि मार्लीनचंच खरं असेल. हा शेवटचा विचार तिला सगळ्यात वाईट वाटला.

तिनं बोटाचं पेर वाकवून पत्र्यावर वाजवलं. टक.

आतला आवाज थांबला.

तो संपल्यासारखा थांबला नाही. ऐकायला म्हणून कुणी बोलता बोलता थांबतं ना, तसा थांबला.

सना मीताला हाताला धरून घेऊन आली.  ओरडून एवढंच म्हणाली, "बघ गं, ताप नीट धरलाय का!"

"चाळीस वर्षं भट्टी लावतेस आणि मला विचारतेस?" मीता म्हणाली, पण मनातून खूश झाली. बाह्या सावरून तिनं मातीच्या भिंतीवर तळवा टेकला. बहिरं माणूस हातानं पुष्कळ ऐकतं. मीताच्या तोंडावर पुढचा टोमणा तयार होता, तो तिथंच राहिला. तळवा तसाच टेकलेला. मग तिनं तो काढला आणि झग्याला पुसला.

"मांस घातलंयस ना, सना?"

"म्हणजे?"

"मेलेलंच ना?"

सनाला हसायला हवं होतं. मीतालाही हसू यायला हवं होतं.

"जाते मी," मीता म्हणाली. "बोक्याला खायला घालायचंय." आणि ती भिंतीला वळसा घालून न जाता पुढच्या दारानं, घरातून, लांबच्या वाटेनं गेली. भट्टीजवळून तिला जायचं नव्हतं.

उन्हं टेकडीमागं गेली. सना उभीच होती. कुदळ हाताशी होती. एक घाव घातला असता तर सगळं उघडं पडलं असतं. काही नसतंच आत, तर ती आपल्याच वेडेपणावर हसली असती. आणि उद्या मार्लीनसमोर पाव आणि कच्चं मांस ठेवलं असतं. मार्लीननं विचारलं असतं, का उघडलीस मा? ती काय सांगणार होती?

तिनं कुदळ ठेवून दिली. मग तिला वाटलं, राहिलेलं निदान आता तरी म्हणून टाकावं. उशिरा म्हटलेली प्रार्थनाही देव ऐकतोच. ती वाकली आणि लिंपलेल्या फटीशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आत कोण असेल त्यानं यावं..."

पुढचे शब्द तोंडातच राहिले. दार तर आधीच लावलं होतं. लावते म्हणायची सोयच उरली नव्हती.

म्हणजे नुसतं 'या' म्हटल्यासारखं झालं.

आतून काही आवाज आला नाही. रात्रभरही आला नाही.

५

चर्चमध्ये मार्लीन उशिरा आली, सनाच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला. "मा, हात किती गार गं तुझे." पाद्री बोलत होते, पितळी बाजा वाजत होता. सनाचं सगळं ध्यान परसात होतं. बाहेर आल्यावर मार्लीन पाद्रींशी बोलत बराच वेळ बाजूला उभी राहिली. सना सरूच्या झाडांकडं बघत राहिली.

घरी आल्या आल्या मार्लीननं पहारीसाठी हात पुढं केला. "दे, मी फोडते. लहानपणी तू कधी फोडू दिलं नाहीस."

"अजूनही देणार नाही. भट्टी घरची बाई फोडते."

"बरं बाई, तू घरची!" मार्लीन हसत ताटं काढायला आत गेली.

सना एकटीच पुढं झाली. लिंपण जसंच्या तसं होतं. कुठं तडा नाही, भोक नाही. तिचा पंजा वाळून पांढरा झालेला, करंगळी बाहेर वाकलेली. बघून तिला धीर आला. तिनं पहारीनं टोचलं. एरवी माती चुरचुरून पडते. या वेळी वरच्या फटीचा तुकडा अख्खा निघाला आणि तिच्या हातात आला. तिनं तो उलटा केला.

आतली बाजू भाजून विटेसारखी लाल झाली होती. तिच्यावर पंजा होता.

सना विचार करणारी बाई होती. तिनं तिथंही विचार केला. बाहेरून मी दाबलं, त्याचा ठसा आत उमटला असेल. पण बाहेरून दाबलं तर आत उंचवटा यायला हवा. इथं खळगा होता. बोटं आतून रुतलेली, तिच्याच बोटांच्या बरोबर मागं. आणि माती ओली असते ती जराशीच वेळ. म्हणजे ती काल बाहेरून हात दाबत होती, मनात लेकीशी भांडत होती, त्याच घटकेला मधल्या पातळशा मातीपलीकडून कुणी तिच्या हाताला हात लावला होता.

करंगळी कशी होती ते तिनं बघितलं नाही. तिला बघायचंच नव्हतं. तुकडा खाली टाकून तिनं टाचेखाली चिरडला, पुन्हा पुन्हा चिरडला, भुगा होईपर्यंत.

पत्रा काढला. आत भांडं होतं, डबा होता. बाकी काही नव्हतं. तिनं मान आत घालून नीट बघितलं. रिकामा, काळा घुमट. एरवी रविवारी संध्याकाळपर्यंत भट्टीला पाठ टेकून बसावं इतकी ऊब असते. सनानं आतल्या भिंतीला हात लावला. नदीतल्या दगडासारखी गार होती.

भांडं मात्र कढत होतं.

६

झाकण उघडून मार्लीन भांड्यावर वाकली. मांसात काटा टेकवायच्या आधीच ते अलग होत होतं. बटाटे चरबीनं तांबूस झालेले. रस्सा गडद, दाट, पावावर घेतला तर जागेवर थांबणारा.

"मा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मा, असं तर तू पूर्वीही केलं नव्हतंस."

"मीठ?"

"मीठ बरोबर. सगळं बरोबर." तिनं पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. "मी ठरवून आले होते. तुझे कपडे भरायला रिकामी बॅगसुद्धा आणलीय गाडीत, खोटं कशाला बोलू? पण जिच्या हातचं मांस असं उतरतं, तिचं डोकं ठिकाणावर नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू? पाद्रींना मी सकाळी विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, तिची राहायची इच्छा असेल तर मरेपर्यंत घर तिचंच." तिनं अंगातला स्वेटर काढला. "हुश्श. केवढं उकडतंय इथं. चूल पेटवलीस की काय?"

"रविवारी?"

"हो की! विसरलेच. बघ, आता मीच विसरायला लागले."

मार्लीन मोकळं हसली. सनानं चुलीकडं बघितलं. चूल थंड होती, राख कालची. तरी स्वयंपाकघरात पाव निघाल्यावर असते तशी ऊब होती. ती भिंतीतून येत नव्हती, खिडकीतून येत नव्हती. आतल्या खोलीच्या दाराशी जास्त होती. मधेच टेबलाजवळ जास्त झाली.

सनानं जेवायचं थांबवलं. मार्लीननं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

७

दिवस कलला तेव्हा त्या गाडीपाशी उभ्या होत्या. मार्लीननं आईला मिठी मारली. मागच्या सीटवर रिकामी बॅग पडली होती. सनानं गाडीचं दार धरून ठेवलं होतं, ते ती सोडेना.

"मार्लीन."

"काय मा?"

सनाच्या ओठावर होतं, ने मला. आत्ताच्या आत्ता ने, कपडेसुद्धा नकोत. पण लेकीनं विचारलं असतं, का? आणि काय सांगणार? की भट्टीत कुणी होतं, मी त्याला ये म्हटलं, आणि ते आलंय? मग मार्लीनच्या मागच्या खोलीतही जागा मिळाली नसती. असं बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना ठेवायची घरं वेगळी असतात. सनानं ती बघितली होती.

"मांस राहिलंय थोडं," ती म्हणाली. "डब्यात देऊ?"

"तुलाच राहू दे. उद्या खा, मुरलं की अजून चांगलं लागतं." मार्लीननं तिच्या गालाला हात लावला. "आता तरी खूश ना?"

"हो," सना म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली. गार वारा टेकडीवरून उतरायला लागला. मीताच्या घराच्या खिडक्या लागलेल्या होत्या. दिवसभर ती भिंतीवरून एकदाही डोकावली नव्हती. बोका तेवढा तिच्या कौलावर होता.

सना आपल्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आत संधिप्रकाश होता. टेबल दिसत होतं, दोन ताटं दिसत होती. उंबऱ्यावरून ऊब तिच्या पायांवर येत होती. बाहेरचं माणूस गारठलेलं असेल तर ती ऊब बरी वाटावी अशी होती.

तिला एकच गोष्ट येत होती. ती तिनं केली. चौकट धरून, आईनं शिकवलं होतं तसं, स्पष्ट म्हणाली, "आत कोण असेल त्यानं यावं. दार लावते."

आणि एक श्वासभर थांबली.

कुणी बाहेर आलं नाही.

मग दार हललं. वाऱ्यानं आपटतं तसं नाही. आतून, सावकाश, मांसाला घाई करू नये हे ठाऊक असलेल्याच्या हातानं ते लागत आलं. वीतभर फट राहिली. तिथं ते थांबलं.

एक श्वासभर.

सनानं गल्लीकडं बघितलं. रस्ता रिकामा होता. घर तिचंच होतं, मरेपर्यंत. ते कुणी तिच्याकडून घेणार नव्हतं.

ती आत गेली, आणि दार लागलं.